तोच अल्बम, तिसरा रंग

या वेळचं पत्र, थोडं कापून:

«ताई, कॉलेजात असताना कॅसेटवर ऐकलेलं सत्तरच्या दशकातलं रॉक हे माझं पहिलं प्रेम. काही वर्षांपूर्वी टर्नटेबल घेतलं आणि तेच अल्बम रेकॉर्डवर जमवायला लागलो. आधी साध्या काळ्या घ्यायचो. मग एक निळी पारदर्शक रेकॉर्ड हातात आली आणि तेव्हापासून माझं काही खरं नाही. आज फ्लीटवुड मॅकचा 'रूमर्स' माझ्याकडे तीन रंगांत आहे. त्यातल्या दोन प्रतींचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. नवा रंग जाहीर झाला आणि खाली 'मर्यादित प्रती' असं लिहिलेलं दिसलं की हात आपोआप बटणाकडे जातो. एक जाणकार मित्र म्हणतो, रंगीत रेकॉर्ड म्हणजे कचरा, आवाज फक्त काळ्यात. बायको म्हणते, तिन्हींत गाणी तीच आहेत ना? दोघांनाही मला उत्तर देता येत नाही. रंगीत रेकॉर्ड खरंच वाईट वाजते का? न उघडलेल्यांची किंमत पुढे वाढेल का? आणि मी थांबायला हवं का? — रंगात रंगलेला»

प्रिय रंगात रंगलेले,

सुरुवात तुमच्या मित्रापासून करते. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्या मताची पंचाईत अशी की ते खोडायला धडधडीत खोट्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

रेकॉर्डचं प्लास्टिक मुळात काळं नसतंच. पीव्हीसी हा जवळजवळ बिनरंगी पदार्थ. त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिबारीक काजळी, अगदी थोडी मिसळली की तो काळा होतो. कारखान्यांना काळा सोयीचा वाटतो त्याची कारणं फारशी सांगीतिक नाहीत. काळ्या मालात मळ दिसत नाही. दर खेपेला छटा जुळवत बसावं लागत नाही. कापून उरलेल्या कडा किंवा परत आलेल्या रेकॉर्डी दळून पुन्हा वापरल्या तरी कोणाच्या नजरेत येत नाही. सत्तरच्या दशकात असा दळलेला माल भरपूर वापरला गेला, आणि दळताना कधी कधी लेबलाच्या कागदाचे कणही सोबत गेले. त्या काळातल्या कितीतरी रेकॉर्डी दिसायला काळ्या कुळकुळीत आणि ऐकायला फोडणी तडतडल्यासारख्या आहेत. काळा रंग म्हणजे शुद्धतेचा दाखला, हे तुमच्या मित्राने कुठून उचललं कोण जाणे.

रंगाची हौसही काल-परवाची नाही. आरसीए व्हिक्टर या अमेरिकन कंपनीने १९४९ मध्ये सात इंची, ४५ आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी रेकॉर्ड आणली तेव्हा संगीताच्या प्रकाराप्रमाणे रंग वाटून दिले होते: पाश्चात्त्य शास्त्रीय लाल, कंट्री हिरव्या, लहान मुलांच्या पिवळ्या, आणि काळा रंग लोकप्रिय गाण्यांच्या वाट्याला. तो थाट काही वर्षांतच आवरता घेतला गेला. पुढे रॉकच्या ऐन बहरात, १९७० साली, डेव्ह मेसनचा 'अलोन टुगेदर' रंगांच्या संगमरवरी मिश्रणात आला. १९७३ साली ग्रँड फंक रेलरोडचा 'वी आर अ‍ॅन अमेरिकन बँड' पिवळ्या पारदर्शक प्लास्टिकवर आला. आणि १९७८ मध्ये अमेरिकेत कॅपिटॉल कंपनीने बीटल्सचा दहा वर्षं जुना 'व्हाइट अल्बम' पांढऱ्या रेकॉर्डवर काढला, त्यांच्या गाण्यांचा '१९६२–१९६६' हा संग्रह लालवर आणि '१९६७–१९७०' हा निळ्यावर. आज तुम्ही ज्या धंद्याचे गिऱ्हाईक आहात त्याची घडी तेव्हाच बसली, असं मला वाटतं. ज्याच्याकडे अल्बम आहे त्यालाच तो पुन्हा विकायचा, फक्त रंग बदलून.

मित्राला निरुत्तर करायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण आहे. स्टीली डॅन या अमेरिकन बँडचे सत्तरच्या दशकातले अल्बम अलीकडे अमेरिकेत ४५ आरपीएमवर, दोन-दोन रेकॉर्डींच्या जाड पेटीत पुन्हा निघाले. ते दाबले कॅन्सस राज्यातल्या सलायना इथल्या क्वालिटी रेकॉर्ड प्रेसिंग्जने. कोरणी, म्हणजे रेकॉर्डची मूळ खाच कोरण्याचं काम, बर्नी ग्रंडमन या तंत्रज्ञाची. हा माल कानसेनांसाठी, त्याच किमतीचा. त्याचं प्लास्टिक आहे पूर्ण पारदर्शक, कारण कार्बन ब्लॅक मुद्दामच वगळलंय. म्हणजे आवाजासाठी सगळ्यात जास्त पैसे मोजणाऱ्या माणसाला तिथे काळी रेकॉर्ड मिळतच नाही.

आता मित्राचा खरा अर्धा भाग. रेकॉर्ड दाबण्याआधी गरम पीव्हीसीचा एक गोळा तयार करतात, दोन्ही बाजूंना लेबलं ठेवतात आणि दोन स्टॅम्परांमध्ये, म्हणजे खाचांचे उलटे ठसे असलेल्या धातूच्या साच्यांमध्ये, प्रचंड दाबाखाली तो चपटा करतात. वाफेने तापवायचं, पाण्याने थंड करायचं, कडा कापायच्या. एक रेकॉर्ड व्हायला मिनिटसुद्धा लागत नाही. या अर्ध्याएक मिनिटात प्लास्टिक प्रत्येक खाचेच्या तळापर्यंत पोचायला हवं. गोळा एकाच रंगाचा असेल, तर तो लाल आहे की काळा याने फारसा फरक पडत नाही. गडबड होते ती दोन-तीन रंग एकत्र आणल्यावर. वेगवेगळ्या रंगांचं मिश्रण एकाच तापमानाला एकसारखं वितळून वाहीलच असं नाही. अर्धी लाल, अर्धी पांढरी अशी रेकॉर्ड असेल तर जोडावर, आणि शिंतोडे उडवलेली स्प्लॅटर असेल तर प्रत्येक ठिपक्याच्या काठावर धोका असतो. स्प्लॅटर करताना गोळ्यावर दुसऱ्या रंगाचे दाणे पसरून वर दाब देतात. दाणा नीट वितळला तर छान. नाही वितळला, तर तुमची सुई त्याच्यावरून जाताना तुम्हाला कळवते. अंधारात चमकणाऱ्या रेकॉर्डींमधली पूड तर खरखरीसाठी बदनामच आहे.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर स्प्लॅटर मला दिसायलाही आवडत नाही. रंगकाम चालू असताना कोणी रेकॉर्ड झाकायला विसरलं, असं वाटतं. पण ही झाली आवड, तिच्यावर वाद घालायला मी बसणार नाही.

पिक्चर डिस्कबद्दल मात्र वाद घालीन. तिच्यात मधे छापील कागद असतो आणि वर दोन्ही बाजूंना पारदर्शक प्लास्टिकचा पातळ थर. खाचा त्या पातळ थरात. पार्श्वभूमीला सतत एक सूं-सूं ऐकू येते ती त्यामुळे. कर्व्ड एअर या इंग्लिश बँडचा 'एअर कंडिशनिंग' १९७० साली असा निघाला, आणि तेव्हापासून आजपर्यंत या प्रकाराबद्दलची तक्रार बदललेली नाही. भिंतीवर लावायला घ्या, खुशाल घ्या. ऐकायला दुसरी प्रत ठेवा. आणि हो, टर्नटेबलावर फिरताना चित्र हलताना दिसतं त्या झोएट्रोप रेकॉर्डीसुद्धा पिक्चर डिस्कच, त्यांना वेगळी सवलत नाही.

म्हणजे क्रम असा लागतो: एकरंगी आणि पारदर्शक बिनधास्त, संगमरवरी बहुधा ठीक, अर्धी-अर्धी आणि स्प्लॅटर नशिबावर, चमकणारी आणि पिक्चर डिस्क कपाटासाठी. मित्राला हा क्रम दाखवा. त्याचा अनुभव स्प्लॅटरवरून आला असेल तर तो खोटं बोलत नव्हता, फक्त एका टोपलीतल्या मालावरून सगळ्या बाजाराला नावं ठेवत होता.

पण तुम्ही दोघं रंगावर भांडताय आणि मूळ प्रश्न बाजूलाच पडलाय. आवाज ठरतो तो रंगाच्या बऱ्याच आधी. मूळ टेपवरून किंवा त्या टेपच्या डिजिटल फाइलवरून एक तंत्रज्ञ लॅकरच्या, म्हणजे रोगणाचा मऊ थर दिलेल्या, चकतीवर खाच कोरतो. त्या लॅकरवरून निकेलचे साचे निघतात आणि त्यातून स्टॅम्पर. कोणी कोरलं, कशावरून कोरलं, किती जोरात कोरलं, यात रेकॉर्डचं भवितव्य ठरून जातं. नंतर त्या स्टॅम्परखाली काळं प्लास्टिक घाला की जांभळं, कोरलेलं तेच राहतं. एका पुनर्मुद्रणाच्या काळ्या आणि रंगीत प्रती पुष्कळदा एकाच कोरणीच्या असतात.

कोरणीने काय होतं याचा सगळ्यात गाजलेला किस्सा 'लेड झेपेलिन २' चा. १९६९ साली तरुण रॉबर्ट लुडविगने तो इतका दणदणीत कोरला की साध्या प्लेअरांवर सुई उडायला लागली. कंपनीने घाईघाईने दुसरी, मवाळ कोरणी करून घेतली आणि पहिली बंद केली. आज संग्राहक त्या पहिल्या खेपेच्या मागे वेडे आहेत. ती ओळखायची कशी? गाणी संपल्यावर लेबलाच्या भोवती जी मोकळी पट्टी राहते, तिच्यात 'आरएल' अशी लुडविगची अक्षरं खरडलेली असतात. ही प्रत आणि मवाळ प्रत, दोन्ही काळ्याच, कव्हर एकच, गाणी तीच. ऐकायला मात्र दोन वेगळे बँड वाटावेत इतका फरक.

तर ती पट्टी वाचायला शिका. संग्राहक तिला डेड वॅक्स म्हणतात. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरली की तिथे आकडे आणि अक्षरं दिसतात: साच्याचा क्रमांक, पुष्कळदा कोरणाऱ्याची सही, कधी कारखान्याची खूण. बर्नी ग्रंडमन 'बीजी' लिहितो, केव्हिन ग्रे 'केपीजी'. इंग्लंडमधला जॉर्ज पेकम 'अ पॉर्की प्राइम कट' असं लिहून जायचा, आणि ते दिसलं की जुन्या रेकॉर्डवाल्यांचे डोळे लकाकतात. पारदर्शक रेकॉर्डवर ही अक्षरं पटकन दिसत नाहीत, खाली गडद कागद धरा. ते आकडे मग २००० सालापासून चालू असलेल्या डिस्कॉग्ज या संकेतस्थळाच्या सूचीत शोधा. तिथे एकाच अल्बमच्या आवृत्त्या देश, वर्ष, रंग आणि साचा यांच्यानुसार वेगळ्या लावलेल्या असतात.

हे काम तुम्ही 'रूमर्स' वर आजच करा. उघडलेल्या प्रतीची पट्टी वाचा. बंद असलेल्या दोन्हींचे कॅटलॉग क्रमांक आणि बारकोड सूचीत टाका आणि तिथे नोंदवलेली कोरणी जुळते का ते बघा. तिन्ही एकाच साच्याच्या निघाल्या तर बायकोचं म्हणणं शब्दशः बरोबर आहे, आणि ते तिला सांगायला हरकत नाही. उलट, २०११ मध्ये 'रूमर्स' ची दोन रेकॉर्डींवरची ४५ आरपीएम आवृत्ती आली, स्टीव्ह हॉफमन आणि केव्हिन ग्रे यांनी अ‍ॅनलॉग टेपवरून, म्हणजे मधे डिजिटल फाइल न आणता, कोरलेली. ती आहे साधी काळी. तुमच्याकडे तिसऱ्या रंगाऐवजी ती असती तर 'गाणी तीच' या वाक्याला तुमच्याकडे उत्तर असतं: गाणी तीच, पण ऐक, ढोल आता कुठे उभा आहे.

कव्हरवरच्या स्टिकरचं वाचन हाही एक अभ्यास आहे. रंगीत आवृत्तीच्या स्टिकरवर रंगाचं नाव सर्वांत मोठं असतं, आणि नावं तरी कसली! निळ्याला नुसतं निळा म्हणतील तर शपथ. त्याखाली '१८० ग्रॅम'. साधारण रेकॉर्ड १२० ते १४० ग्रॅमची असते. जास्तीचं प्लास्टिक हाताला बरं वाटतं, पण खाच काही त्यामुळे खोल होत नाही. 'रीमास्टर्ड' या शब्दाने तर काहीच कळत नाही. कोणी केलं, कधी केलं, सीडीसाठी केलेलंच इथे वापरलं का? जिथे सांगण्यासारखं असतं तिथे कंपनी सांगते. वर उल्लेख केलेल्या स्टीली डॅनच्या मालिकेत 'एजा' साठी मूळ टेप नव्हे, तिची अ‍ॅनलॉग प्रत वापरली हे आधीच जाहीर केलं होतं. असं कोणी सांगितलं की माझा विश्वास वाढतो.

याच्या उलटही घडलंय. मोबाइल फिडेलिटी ही या क्षेत्रातली मानाची कंपनी. तिच्या रेकॉर्डी आरंभापासून शेवटपर्यंत अ‍ॅनलॉग असतात असं लोक धरून चालले होते. २०२२ च्या जुलैत उघड झालं की त्यातल्या पुष्कळांसाठी टेपवरून आधी डीएसडी या प्रकारची डिजिटल फाइल करून मग कोरणी केली जात होती. केवढा गहजब झाला, प्रकरण कोर्टात गेलं. आणि गंमत अशी की त्याच रेकॉर्डींच्या आवाजाची तारीफ करणाऱ्यांत शुद्ध अ‍ॅनलॉगचे कट्टर पुरस्कर्तेही होते. डिजिटल फाइलवरून कोरलं म्हणजे वाईट, असं मी म्हणत नाही. स्टिकर गप्प असेल तर ते गप्प का, एवढं विचारा.

एकाच कंपनीत दोन्ही चुली पेटलेल्या असतात, हेही ध्यानात घ्या. वॉर्नरची राइनो दर ऑक्टोबरात 'रॉकटोबर' नावाने जुन्या रॉकच्या रंगीत आवृत्त्या बाजारात सोडते. तीच राइनो २०२३ पासून 'हाय फिडेलिटी' नावाची मालिका काढते: केव्हिन ग्रेची कोरणी, अ‍ॅनलॉग टेपवरून, क्रमांक घातलेल्या प्रती. पहिल्या खेपेत कार्स या बँडचा १९७८ चा पहिला अल्बम होता. ही मालिका काळ्या रंगात येते. दोन गिऱ्हाइकं, दोन मांडण्या. रंगवाल्या मांडणीवर जाण्यात कमीपणा काहीच नाही, पण आपण कुठल्या मांडणीवर उभे आहोत ते माहीत हवं.

किंमत वाढेल का? नाही, असंच धरून चाला. १९७८ चे बीटल्स बघून कोणाला आशा वाटत असेल, पण आजचा रंगीत माल मुळात जपून ठेवण्यासाठीच घेतला जातो. जपून ठेवलेल्या वस्तूंचा तुटवडा कसा पडणार? वर 'मर्यादित' या शब्दाला आकडा जोडलेला नसेल तर त्याला काहीच अर्थ नाही. मर्यादा पाचशेची की पन्नास हजारांची? नेदरलँड्सची म्युझिक ऑन व्हिनाइल ही कंपनी रंगीत पहिल्या खेपेच्या कव्हरवर पुष्कळदा क्रमांक छापते, मग साधी काळी चालू ठेवते. तिथे निदान हिशेब उघड आहे. बाकी बऱ्याच ठिकाणी लाल संपली की वर्षभरात नारिंगी येते, आणि लाल घेतलेल्याची धाकधूक वाया जाते. अमेरिकेत २०२२ साली रेकॉर्डी सुमारे ४ कोटी १० लाख खपल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर पहिल्यांदा रेकॉर्ड सीडीच्या पुढे गेली. ज्या मालाला एवढी मागणी आहे तो कंपनी पुन्हा दाबणार नाही, असं समजणं भाबडेपणाचं आहे.

न उघडता ठेवण्याचा तोटा मात्र नक्की आहे. नव्या रेकॉर्डमध्ये दोष असतो आणि तो वाजवल्याशिवाय कळत नाही. मधलं भोक जरा बाजूला पडलेलं असलं की लांबलेला सूर डुलतो. पियानो आणि हार्मनी असलेल्या गाण्यात ते जिवावर येतं. प्लास्टिक खाचेत पूर्ण भरलं नसेल तर एका बाजूने कापड फाटल्यासारखा फर्र आवाज येतो. त्याला नॉन-फिल म्हणतात, आणि तो धुऊन जात नाही. घट्ट गुंडाळलेलं बाहेरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर रेकॉर्ड वाकण्याचीही भीती. तुमच्या त्या दोन प्रतींत यातलं काही असेल, तर बदलून मागायची मुदत केव्हाच गेली. इथून पुढे रेकॉर्ड आली की त्याच आठवड्यात दोन्ही बाजू पूर्ण ऐका, मग ती कितीही सुंदर दिसो.

जपणुकीचं थोडक्यात. मऊ पीव्हीसीची बाहेरची पाकिटं वापरू नका. त्यातून सुटणारी द्रव्यं रेकॉर्डवर धुकं आणतात, आणि पारदर्शकवर ते ढळढळीत दिसतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन बरं. उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. पारदर्शक आणि पांढऱ्या रेकॉर्डी वयाप्रमाणे पिवळसर होऊ शकतात. तुमचं टर्नटेबल जुन्या पद्धतीचं, प्रकाशाच्या संवेदकाने रेकॉर्डचा आकार ओळखून आपोआप सुई टेकवणारं असेल, तर पारदर्शक रेकॉर्ड त्याला दिसणारच नाही. सुई रिकाम्या जागी उतरण्याआधी हे तपासा.

राहिला शेवटचा प्रश्न, थांबायचं का.

मी थांबा म्हणणार नाही. पत्रात मला खटकलं ते रंगाचं वेड नव्हे, हात आपोआप जाणं. ती निळी पारदर्शक पहिल्यांदा उजेडात धरली तेव्हाचा आनंद खरा होता. नंतरच्या खरेद्यांत तो आहे का, की नुसती हुकण्याची भीती आहे? दोन प्रती उघडल्यासुद्धा नाहीत, म्हणजे उत्तर तुम्हीच देऊन टाकलंय.

म्हणून एक अट स्वतःला घाला. असलेल्या अल्बमची नवी प्रत घ्यायची तर रंगाव्यतिरिक्त आणखी काहीतरी बदललेलं हवं: कोरणी, टेप, वेग, मोनो मिश्रण, काहीही. नसेल बदललं आणि तरी मोह आवरत नसेल, तर आधीची प्रत घराबाहेर गेली पाहिजे. आगाऊ नोंदणी शक्यतो टाळा. रेकॉर्ड बाजारात येऊ द्या, चार लोक वाजवून बघतील, खराब दाबलेली खेप असेल तर बोंब होईलच. तोवर संपली तर संपली.

आणि रंगच घ्यायचा तर अल्बमच्या नात्यातला घ्या. कव्हरचा, नावाचा, निदान मिजाशीचा. १९७७ साली एल्विस प्रेस्लीचा 'मूडी ब्लू' निळ्या रेकॉर्डवर निघाला त्यात एक साधं शहाणपण होतं. डीप पर्पलचा 'इन रॉक' जांभळ्या रंगात निघाला तेव्हा कोणी का म्हणून विचारलं नसेल. कॅपिटॉलचे ते पांढरे-लाल-निळे बीटल्स आजही डोळ्याला बरोबर वाटतात, ते याचमुळे. उदास, पावसाळी अल्बम पोपटी रंगावर दाबलेला बघितला की मला तो बँड कोणीतरी चुकीच्या लग्नाला नेलाय असं वाटतं.

आता करायचं ते असं. 'रूमर्स' च्या बंद दोन प्रतींपैकी एक उघडा आणि दोन्ही बाजू ऐका. कोरणी तीच निघाली तर तिन्हींतली दिसायला सगळ्यात आवडती ठेवा, बाकीच्या दोन द्या किंवा विका. सीलबंद असलेली तशीच सीलबंद द्या, घेणाऱ्याला ते आवडतं. मग एखादा असा अल्बम काढा जो तुमच्याकडे सुरुवातीच्या दिवसांतला काळा आहे आणि नंतर रंगीतही घेतलाय. दोन्हींच्या पट्ट्यांवरचे आकडे जुळले पाहिजेत, नाहीतर तुलना फुकट. मित्राला बोलवा आणि टर्नटेबलाकडे पाठ करून बसवा. आवाजाची पातळी दोन्ही वेळा सारखी ठेवा, कारण जरा मोठं वाजलेलं माणसाला नेहमीच चांगलं वाटतं. रेकॉर्डी बायकोने बदलायच्या, कारण तुमच्या चेहऱ्यावरून तो ओळखेल. त्याने पाच-सहा वेळा काळी कोणती ते सांगायचं.

काय झालं ते मला कळवा. त्याने दरवेळी बरोबर ओळखली, तर तुमची रंगीत प्रत खराब दाबलेली आहे आणि मला तिच्या पट्टीवरचे आकडे हवे आहेत.

— तुमची ताई